वरच्या डिव्हिजनमधली जागा कुणाची? एका मुलींच्या फुटबॉल लीगमधले आमचे सहा हंगाम

नऊ-शून्य. या लीगमधला आमचा पहिला सामना असा संपला आणि गोलमध्ये माझी लेक होती. दहा वर्षांची. शेवटची शिट्टी झाल्यावर बाकीच्या मुली पाणी प्यायला धावल्या, ही मात्र गोलखांबाला टेकून बसून राहिली. ग्लोव्हज तिने घरी आल्यावरच काढले. पुढचे सहा सामनेही आम्ही हरलो. त्या सगळ्या हंगामात मला एकच प्रश्न छळत होता: या मुलींना वरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घातलं कुणी?

शोध घेतल्यावर कळलं की ती जागा आमच्या मुलींची नव्हतीच. आमच्या क्लबच्या आदल्या वर्षीच्या अकरा वर्षांखालच्या संघाने ती कमावली होती. त्या मुली वय वाढलं म्हणून पुढच्या गटात गेल्या, पण जागा 'क्लबची अकरा वर्षांखालची जागा' म्हणून मागे राहिली आणि आमच्या नवख्या मुलींच्या वाट्याला आली. आणि ज्यांनी ती घाम गाळून मिळवली, त्या बारा वर्षांखालच्या गटात तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होत्या, कारण तिथली वरची जागा त्यांच्याही आधीच्या मुलींनी गमावली होती. दोन्ही वयोगटांतल्या मुली चुकीच्या ठिकाणी होत्या आणि नियमावलीप्रमाणे त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

त्या हंगामापासून संघाची व्यवस्थापक म्हणून मी काम करते आहे. नोंदणीचे अर्ज, खेळाडूंची कार्डं, सामन्यानंतर निकाल कळवणं, सगळं माझ्याकडे. तीन वर्षं झाली, वर्षाला दोन म्हणजे सहा हंगाम. नियमावली मी इतक्यांदा वाचली आहे की पानं सुटी झाली आहेत. लीगचं नाव देत नाही. मुलांचा संघ कुठे नोंदवायचा हे ठरवणाऱ्या पालकांना आणि कोचना कुठल्याही लीगबद्दल विचारता येतील अशा गोष्टी मला सांगायच्या आहेत.

आधी रचना. अकरा वर्षांखालच्या गटापासून पुढे प्रत्येक वयोगटात चार डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये आठ संघ. प्रत्येक संघाशी एकदाच खेळायचं, म्हणजे हंगामात सात सामने. पहिले दोन संघ वर जातात, शेवटचे दोन खाली येतात. ऐकायला सरळ वाटतं, पण सात सामने फार थोडे आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात आणि मग तळाचे तीन खाली जातात. ३८ सामन्यांत एखादा नशिबाचा गोल, एखादी रेफ्रीची चूक जिरून जाते. सातांत जिरत नाही. एका रविवारी मधल्या फळीतली एक मुलगी तापाने झोपली, की अख्ख्या संघाची डिव्हिजन बदलू शकते. म्हणून मुलांच्या लीगबद्दल मत बनवताना मी एक गोष्ट आधी बघते: गुणतक्त्यावर ती किती भिस्त ठेवते आणि तक्त्याच्या पलीकडे काही बघते का.

तक्ता लावण्याची या लीगची पद्धत चांगली आहे, आणि ती आम्हाला अगदी जवळून बघायला मिळाली. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर आधी आपसातला सामना बघायचा, मग गोलफरक (मारलेले गोल वजा खाल्लेले), मग कुणी कमी गोल खाल्ले, मग रेफ्रीने दाखवलेली कार्डं कुणाची कमी, आणि तरीही सुटलं नाही तर चिठ्ठी. यातली महत्त्वाची अट गोलफरकाची आहे. एका सामन्यातला चारपेक्षा जास्त गोलफरक धरतच नाहीत. सहा-शून्य जिंका नाहीतर बारा-शून्य, तक्त्यात चारच.

तिसऱ्या हंगामात, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, आमचे आणि दुसऱ्या एका संघाचे प्रत्येकी १३ गुण झाले. आपसातला सामना एक-एक बरोबरीत सुटला होता. आमचा गोलफरक अधिक सहा. त्यांचा खरा गोलफरक अधिक तेरा होता, पण त्यातले अकरा एकाच सामन्यातले, तळाच्या संघाविरुद्धचे. ते अकरा चारच धरल्यावर त्यांचेही अधिक सहा झाले. मग खाल्लेले गोल मोजले: आमचे सात, त्यांचे नऊ. आम्ही वर गेलो.

त्यांचे कोच फार नाराज झाले. एका संघाचे गोल पुसून दुसऱ्याला वर चढवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांची तळमळ कळते. पण मी नऊ गोल खाणाऱ्या बाजूला उभी राहिलेली आई आहे. गोलफरकाला मर्यादा नसती, तर आमच्या त्या पहिल्या हंगामात नऊ-शून्यच्या पुढेही समोरच्या संघाने जोर लावला असता, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच ठरलं असतं. मर्यादा असली की चार गोल झाल्यावर कोच राखीव मुलींना मैदानात आणतो, बचाव करणारीला पुढे खेळवून बघतो. आमच्या सरांनी चार-शून्य जिंकलेल्या सामन्यात तेच केलं आणि कधीही गोल न मारलेल्या आमच्या डाव्या बचावपटूला त्या दिवशी पंधरा मिनिटं पुढे खेळता आलं. गोल नाही झाला, पण ती अजून त्याबद्दल बोलते.

कार्डांची अट काहींना विचित्र वाटते. २०१८ च्या विश्वचषकात ती मोठ्यांच्याही उपयोगी पडली होती. जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, मारलेले गोल सगळं सारखं, आपसातला सामनाही दोन-दोन. पिवळी कार्डं जपानची चार आणि सेनेगलची सहा, म्हणून जपान पुढे गेला. मुलांच्या लीगमध्ये ही अट चिठ्ठीच्या आधी असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता या लीगची सगळ्यात मोठी त्रुटी. शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी होत नाहीत.

चौथ्या हंगामात आम्ही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतो. या वेळी जागा आमच्या मुलींनी स्वतः मिळवलेली होती. सातही सामने खेळून आमचे सात गुण झाले होते. आमच्या आसपास आणखी दोन संघ होते, त्यांचेही सात-सात गुण, आणि त्या दोघांचा आपसातला सामना पावसामुळे राहिला होता. त्यातला कुणीही एक हरला असता तर आम्ही वाचत होतो, कारण त्या दोघांनाही आम्ही हरवलं होतं. बरोबरी झाली तर मात्र दोघांचे आठ-आठ गुण आणि आम्ही खाली. सामना आठवडाभराने झाला, तेव्हा हे गणित सगळ्यांना पाठ होतं. निकाल शून्य-शून्य.

मी तो सामना बघायला गेले होते. कुणी मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही, त्या बारा वर्षांच्या मुली होत्या. पण दुसऱ्या अर्ध्यात दोन्ही गोलकीपरच्या हाती जेमतेम दोनदा चेंडू आला आणि दोन्ही बाजूंचे पालक शांत उभे होते. मुलींना अशा जागी उभं करायलाच नको होतं.

या खेळात हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ मध्ये १२ क्लबांनी सुरू केली. १८९२ मध्ये दुसरी डिव्हिजन आली, तेव्हा वर कोण, खाली कोण हे ठरवायला वरच्या डिव्हिजनचे तळाचे संघ आणि खालच्या डिव्हिजनचे आघाडीचे संघ यांच्यात कसोटी सामने घेत. १८९८ मध्ये अशा शेवटच्या सामन्यात स्टोक आणि बर्नली समोरासमोर आले. बरोबरी झाली तर दोघांनाही पहिली डिव्हिजन मिळणार होती, आणि सामना शून्य-शून्य सुटला. त्यानंतर कसोटी सामने बंदच झाले आणि तक्त्यातल्या जागेवरून थेट वर-खाली करायला सुरुवात झाली. पुढे १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियावर दहाव्या मिनिटाच्या सुमारास गोल केला आणि मग उरलेला सगळा वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले, कारण त्या एक-शून्यवर दोघेही पुढे जाणार होते. अल्जेरिया आदल्याच दिवशी आपला सामना खेळून बसला होता, तो बाहेर गेला. १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात.

मी लीगच्या समितीला हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं की एकाच वेळी इतकी मैदानं आणि इतके रेफ्री मिळत नाहीत. अडचण खरी आहे, रेफ्रींची चणचण मीही दर रविवारी बघते. पण सगळ्या डिव्हिजनचे सगळे सामने एकाच वेळी घ्या असं मी म्हटलंच नव्हतं. ज्या सामन्यांवर वर-खाली अवलंबून आहे तेवढेच, बहुतेक वेळा दोन किंवा तीन, एका वेळी घेता येतात. हंगाम आठवडाभर लांबवूनही ते जमतं. दोन हंगाम मी हे मागते आहे, अजून झालेलं नाही.

खाली जाण्याच्या भीतीचा दुसरा परिणाम मैदानाच्या कडेला दिसतो. त्याच हंगामात, आमच्या सातव्या सामन्यात, संघातली सगळ्यात लहानखुरी मुलगी साठपैकी पन्नास मिनिटं बाहेर बसली. तिचा वाढदिवस वयोगटाच्या वर्षाच्या अगदी शेवटी येतो. गटातल्या सगळ्यात मोठ्या मुलीपेक्षा ती जवळजवळ एक वर्षाने लहान आहे, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची. आमचे सर मनाने चांगले आहेत, पण तक्ता डोळ्यांसमोर असला की हात आपोआप उंच मुलींकडे जातो. वयोगटाच्या वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुलं संघांत जास्त दिसतात, हे १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीच्या अभ्यासात दिसून आलं आणि नंतर फुटबॉलमध्येही पुन:पुन्हा आढळलं. पाचव्या हंगामापासून लीगने नियम केला: हजर असलेली प्रत्येक मुलगी निम्मा वेळ खेळलीच पाहिजे, आणि तिची मिनिटं निकालाच्या कागदावर लिहायची. ती मिनिटं मीच लिहिते. नियम मोडला तर संघाचा एक गुण जातो. हा नियम नसलेल्या लीगमध्ये प्रमोशन-रेलिगेशन, म्हणजे हे वर-खाली करणं, असूच नये, इतकं माझं याबद्दल ठाम मत आहे.

काही गोष्टी थोडक्यात. संघ मैदानावर आलाच नाही तर समोरच्या संघाला तीन-शून्य विजय देतात. संघाने अर्ध्यातच लीग सोडली तर त्याचे सगळे निकाल रद्द होतात, त्यात आमचा एक विजय गेला, पण दुसरा न्याय्य मार्ग मला सुचत नाही. एका क्लबचे दोन संघ एका डिव्हिजनमध्ये येऊ देत नाहीत, त्यामुळे 'ब' संघ पहिला आला तरी कधी कधी वर जात नाही आणि ती संधी तिसऱ्या क्रमांकाला मिळते. त्या मुलींचा चेहरा बघवत नाही. 'अ' संघातल्या तगड्या खेळाडू शेवटच्या सामन्याला 'ब' संघात उतरवण्याची युक्ती मात्र पूर्ण बंद आहे: चौथ्या सामन्यानंतर खेळाडूंची यादी गोठते आणि रेफ्री फोटोचं कार्ड बघूनच मैदानात सोडतो.

मघाशी म्हटलं की मी तक्त्यापलीकडे काय आहे ते बघते. या लीगमध्ये तक्त्यातलं स्थान हा शेवटचा शब्द नसतो. हंगाम संपल्यावर प्रत्येक कोचला एक अर्ज येतो. वर जायची पात्रता मिळाली असेल तर जायचं की नाही? खाली जायची वेळ आली असेल तर वर राहण्याचं काही कारण आहे का? आपणहून खाली जायचं आहे का? तीन जणांची समिती हे अर्ज वाचते, त्यातल्या कुणाचाही क्लब त्या वयोगटात नसतो, आणि निर्णय कारणासह सगळ्यांना कळवतात. कारणासह, हे मी मुद्दाम सांगते. अनेक ठिकाणी 'समितीचा निर्णय अंतिम' एवढं एकच वाक्य असतं आणि मग पालकांच्या मनात नाही नाही त्या शंका येतात.

पाचव्या हंगामात आम्ही तिसऱ्या डिव्हिजनमध्ये दुसरे आलो. सरांनी अर्जात 'नको' लिहिलं. मला ते क्लबच्या दारात कळलं आणि मी त्यांना बोलले ते चांगलं नव्हतं. मुलींनी मिळवलेलं तुम्ही कसं परत करता, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. ते म्हणाले, "ताई, दोघी क्लब सोडतायत, एकीचा गुडघा दुखतोय. उरलेल्या तेरा जणींना मी पुन्हा नऊ-शून्यला पाठवणार नाही." नऊ-शून्यच्या वेळी ते आमचे कोचही नव्हते. तो निकाल त्यांना मीच कधीतरी सांगितला होता.

सहावा हंगाम आम्ही तिसऱ्याच डिव्हिजनमध्ये खेळलो. सातपैकी पाच सामने एका गोलाच्या फरकाने सुटले, काही आमच्या बाजूने, काही विरुद्ध. मुली दर रविवारी वेळेच्या आधी मैदानावर हजर असत. ज्या डिव्हिजनमध्ये निकाल आधी सांगता येत नाही ती योग्य डिव्हिजन, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. सरांची मी माफी मागितली.

दहा वर्षांखालच्या गटाबद्दल थोडं. तिथे ही लीग तक्ता लावत नाही, वर-खालीही नाही. दर चार सामन्यांनी निकालांचे फरक बघून गट पुन्हा जुळवतात. नॉर्वेत अकरा वर्षांखालच्या मुलांचे तक्ते आणि क्रमवारी लावायला परवानगीच नाही. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान वयोगटांत लीग बंद करून एका दिवसाचे मेळावे सुरू केले: शेजारी शेजारी छोटी मैदानं, जिंकलेला छोटा संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक मैदान खाली. दहा मिनिटांत प्रमोशन आणि पुढच्या दहा मिनिटांत रेलिगेशन, संध्याकाळी कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्याच वर्षी तिथल्या १७ आणि १९ वर्षांखालच्या सर्वोच्च लीगमधूनही मोठ्या अकादम्यांसाठी खाली जाण्याची टांगती तलवार काढून टाकली. आमच्या लीगनेही अकरा वर्षांखालच्या गटाला तक्त्यातून सोडवावं, अशी माझी पुढची मागणी आहे.

आणि जागा कुणाची, हा माझा मूळ प्रश्न. आमच्या पहिल्या हंगामानंतर पाच संघांच्या पालकांनी मिळून पत्र दिलं आणि तिसऱ्या हंगामापासून नियम बदलला. आता वयोगट बदलला की जागा मुलींबरोबर पुढे जाते, क्लबकडे मागे राहत नाही. आदल्या हंगामात नोंदलेल्या खेळाडूंपैकी निम्म्याहून कमी उरल्या असतील, किंवा संघ अगदी नवा असेल, तर हंगामाआधी वीस-वीस मिनिटांचे तीन सामने घेऊन डिव्हिजन ठरवतात. लीगने पालकांचं ऐकलं आणि एका वर्षात नियम बदलला, याचं श्रेय मी पूर्ण देते. नवी लीग बघायला जाल तेव्हा आधी हेच विचारा: ही जागा मागच्या वर्षी कुणी मिळवली? आणि नियमावली पहिल्या सामन्याआधी लेखी हातात मागा. ती हंगाम सुरू झाल्यावर मिळणार असेल तर दुसरी लीग शोधा.

या लीगला माझे पाचपैकी चार तारे. पाचवा शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवला आहे.

सहाव्या हंगामात आम्ही पुन्हा दुसरे आलो. अर्ज मागच्या आठवड्यात आला. या वेळी सरांनी मुलींना चिठ्ठ्या वाटल्या, नाव न लिहिता 'हो' किंवा 'नको'. आता मुली सोळा आहेत. अकरा 'हो' निघाले, पाच 'नको'. लेकीने रात्री सांगितलं की तिची चिठ्ठी 'नको'ची होती. पुढच्या हंगामापासून पूर्ण मैदान आहे, अकरा विरुद्ध अकरा, आणि गोल ४.८८ बाय २.१३ मीटरऐवजी ७.३२ बाय २.४४ मीटरचा. कालपासून ती सरांकडे अर्धा तास आधी जाते आहे, कॉर्नरवरून येणारे उंच चेंडू अडवायला. मी अर्जावर सही करून तो आज पाठवला.